साडेतीन वार राखाडी

मिस्टर ओकोटिएंनी सुटाचं कापड दिलं, माप दिलं,
निम्मे पैसे दिले, आणि गेले ते गेलेच.
मार्चपासून ते कापड
इतोहानच्या पाठीमागे भिंतीवर असतं,
वरच्या काठाला अकरा टाचण्या.
आमची भिंत हिरवी, पोपडे धरलेली.
हिरव्यात मी आजारी दिसते, म्हणते.

फोन इस्त्रीच्या टेबलावर, त्याखाली बिस्किटांचा डबा,
दिव्याला बटर-पेपर.
मी लेन्सच्या डाव्या कानाशी, स्टुलावर.
ती एकटी ती, मी बाकीचे सगळे.
आजवर तिचा नवरा झालो, दोनदा न्यायाधीश,
एकदा सासू.
"अभिनय नको, एफोसा. नुसतं वाच."
मी विजेचं बिल वाचावं तसं वाचतो.

सुरुलेरेत शांतता उधारीवरही मिळत नाही.
वीज गेली की गल्लीभर जनरेटर खोकतात.
आली की पोरं बोंबलतात, "आली! आली!"
मग एकेक जनरेटर गप्प होतो,
आणि चर्चचा कर्णा सुरू व्हायच्या आत
सहा-सात मिनिटं उरतात.
तेवढ्या कापडात प्रसंग बेतायचा.

आधी नाव. उंची. शहर, लागोस.
डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात.
इथे ती कुणीच नसते,
आणि मला वाटतं, एवढंच पाठवावं.

परवा ती आई होती, पोरगा हरवलेली.
मी हवालदार.
"नाव सांगा. वय सांगा. अंगात काय होतं?"
आठ वेळा ती म्हणाली, निळा शर्ट.
आठ वेळा कागदात होतं तेवढंच.
नवव्यांदा म्हणाली,
"निळा शर्ट. बाही मीच आखूड केली होती."
आणि माझ्या तोंडून गेलं, "किती?"
पापणी न लवता म्हणाली, "दोन बोटं."
मग बराच वेळ आम्ही दोघंही
त्या बाहीकडे बघत राहिलो.
मग वीज गेली.

शेवटचा अंधार कापून तोच पाठवला.
रात्रभर चढत होता, इंच इंच.
नाही असं कुणी म्हणत नाही.
नुसतं कळवत नाहीत.

ऑगस्टात ओकोटिए आले. कॉलर गळ्याभोवती सैल.
कुठे होतात, मी विचारलं नाही.
पुन्हा माप घेतलं, कंबर तीन इंच कमी.
कापड भिंतीवरून उतरवलं, झटकलं, टेबलावर पसरलं.
अकरा भोकं. उजेडात धरलं तरच दिसतात.
ती पट्ट्याच्या आत जातील अशी कात्री चालवली.
शिवणीत माया नेहमीपेक्षा जास्त सोडली.
माणूस पुन्हा भरतो.

दारात इतोहान, हातात नवी पानं.
"सोमवारपर्यंत हवंय. मी डॉक्टर, तू पेशंट.
भिंतीला काय लावायचं?"