कवळीचं माप

माणसं माझ्याकडं येत नाहीत,
त्यांची तोंडं येतात.
मगदूम डॉक्टरांचा पोरगा संध्याकाळी स्टीलचा डबा आणतो,
आत ओल्या फडक्यात मापं,
गुलाबी, अजून कोमट वाटणारी.
मी त्यांत प्लास्टर ओततो.
अर्ध्या तासात हातात कुणाच्या तरी हिरड्या.

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारीवरच्या माळ्यावर
एकतीस वर्षं हेच.
चिठ्ठीवरचं नाव नंतर वाचतो,
आधी बोट फिरवतो.

हा उद्यमनगरचा. फौंड्रीत रात्रपाळी,
डोळा लागू नये म्हणून उजव्या गालात तंबाखूचा बार,
उजवीकडंच हाड उतरलंय,
नदीकडं पायवाट उतरते तसं.
ही मिश्रीवाली. तव्यावर भाजून, बोटानं घासून
न्हाणीच्या उंबऱ्यावर रोज बसली
दात स्वच्छ राहावेत म्हणून.
स्वच्छच होते. एकेक निघाले तेव्हासुद्धा.
ह्याच्या रक्तात साखर;
दातांना काही झालं नव्हतं, जमीनच खचली खालची.
ही तीन लेकरांची.
सासू म्हणायची, लेकरामागं एक दात जायचाच.
डॉक्टरांच्या दाताच्या कण्या झाल्या सांगून,
की बाई, लेकरं दात नेत नाहीत,
दुखतंय म्हणायला तुला सवड कुणी दिली नाही, ती नेते.
आणि हा पेठेच्या फुटबॉल संघाचा गोली.
पुढचे दोन, एकाच लाथेत.
एवढा एकच माणूस पडलेले दात मिरवतो.

बाकी सगळे ओठ मिटून.
केस गेले तर माणूस तेलं बदलतो, वैद्य बदलतो.
दाढ गेली तर म्हणतो, वय झालं.
बेचाळिसाव्या वर्षी.

भाचीच्या पोराच्या जावळाला गेलो होतो कळंब्याला.
समोरच्या पंगतीत चाळिशीपुढचे बावीसजण मोजले.
रस्सा सगळे ओरपत होते,
फोडी मात्र ताटाच्या कडेला सरकत होत्या,
गुपचूप, भाकरीच्या आडोशानं.
बत्तीसचा धनी एकही नव्हता.
माझे सव्वीस धरून सांगतो.

गेल्या मंगळवारी एक खालचा जबडा आला.
दाढा नाहीत. पुढचे चार उभे,
त्यातल्या एकाचा कोपरा तिरका उडालेला.
बोट तिथंच थांबलं.
तो कोपरा मी उडवला होता,
भोवऱ्यानं, सहावीत असताना.
चिठ्ठी उलटी ठेवली तरी नाव तेच राहिलं:
रंगराव दत्तू नेजदार.
माझा थोरला.
चौदा वर्षं आमचं बोलणं नाही,
एका पत्र्याच्या शेडच्या भिंतीवरून.

तंबाखूला त्यानं कधी हात लावला नाही. बिडीलाही नाही.
दुखलं की लवंग दाबायचा, आणि कामावर.
मग काढून टाकायचा. काढायला तीनशे,
वाचवायला तीन हजार.
हा हिशेब गरिबाचा कधी चुकत नाही
आणि दरवेळी एक दाढ जाते.

प्लास्टर धरून बराच वेळ बसलो.
एवढ्या जवळून त्याचं तोंड
आईनं घास भरवताना पाहिलं असेल, तेवढंच.

वरची कवळी पुरी करायची होती.
चिठ्ठीत लिहिलेलं: दात सरळ, नेहमीचे.
सगळे सरळ लावले.
डावा सुळा तेवढा मेणातच
केसभर पुढं वळवला,
आईचा होता तसा, त्याचा होता तसा,
माझा आहे.
त्याला आरशात कळेल, किंवा
बायको म्हणेल, हे बसलं नाही नीट.

बिल पूर्ण लावलं.
सूट दिली असती तर
लगेच ओळखलं असतं त्यानं.