मोडीच्या भावानं

दुपारी तीनला, तांबट आळीत गिऱ्हाईक नसतं तेव्हा,
एक पोरगा मोटारसायकल लावून आत आला
आणि रुमालातलं काढून काट्यावर ठेवलं.
ताम्रपट.
वर सिंह, खाली हिंदीत चार ओळी,
पणजोबांचं नाव घासून पुसट झालेलं.
"गंगापूर रोडला फ्लॅट घेतलाय, काका. भिंती लहान आहेत.
किती येतील?"

भाव सांगितला. मोडीत तांब्याला भाव एकच,
घंगाळ असो, वायर असो, की देशाचे आभार.

त्याचे पणजोबा मला आज्याच्या तोंडून ठाऊक.
सराफ बाजारामागच्या माडीवर पोरं जमत,
करंगळी कापून शपथ घेत.
यांची करंगळी पिकली, आईला म्हणाले विळी लागली.
पुढं फटके खाल्ले, पाच वर्षं खडी फोडली.
त्यात खोटं काही नाही.

माझ्या आज्याला माडीवर कधी बोलावलं नाही.
काम खाली, अंगणात सांगितलं:
रखमाजी, हंडा कर. दोन बुडांचा.
मधे चार बोटं जागा ठेव.

दोन बुडं बसवणं सोपं.
तो एका बुडाच्या हंड्यासारखा वाजवणं
कोणाला जमलेलं नाही.
टिचकी मारली की तांबं
घसा बसल्यासारखं सगळं सांगून टाकतं.

तो डोक्यावर घेऊन हरसूलच्या वाटेला लागली
धावजी मौळ्याची बायको.
नाव? आज्यानं विचारलं नव्हतं. मौळीण, एवढंच.
त्र्यंबकच्या नाक्यावर जमादारानं हंड्यावर छडी मारली.
दबका आवाज.
अलीकडच्याच ओढ्यावर तिनं तो काठोकाठ भरला होता.
"रामकुंडाचं पाणी. सासू मरायला टेकलीय."
"अगं, गंगा इथंच उगवते की!"
"म्हातारीला कोण सांगेल, दादा?"
जमादार हसला. सोडलं.
भरलेलं भांडं दबकंच वाजतं, बुडं कितीही असोत.
हे आज्याला सुचलं नव्हतं.

डोंगरात पुढं झालं ते सरकारी दप्तरात दीड ओळीत मावलं:
टोळी, सतरा इसम, बंदोबस्त केला.
माडीवर होती ती मंडळी.
डोंगरात टोळी.

मंडळी सुटून आली, एकाच्या नावाचा चौक झाला.
मौळ्यांच्या पाड्याला हजेरी लागली:
रात्री नऊ, पहाटे तीन, पोलीस पाटलाच्या ओट्यापुढं,
धावजी फासावर गेल्यावर जन्मलेली पोरंसुद्धा.
झेंडा बदलला त्या रात्रीही
नवाला नावं पुकारली.
सगळे हजर होते.

आणखी एक. हे आजा दारू प्यायल्यावरच सांगायचा.
धावजी अंगणात यायचा, तेव्हा काडतूस
हातातून हातात जायचं.
पाणी मात्र वरून ओतायचे, ओंजळीत,
आणि तो गेला की ओट्यावर शिंपडायचे.
"ओटा तर आपलाच ना?" मी एकदा विचारलं.
आजा मोगरी शोधायला लागला.

पोरगा घाईत होता. पावती नको म्हणाला.

गेल्या महिन्यात हरसूलची एक मुलगी आली होती,
तलाठ्याच्या परीक्षेसाठी नाशकात खोली घेतलेली,
पाण्याला कळशी हवी म्हणून.
बिलावर लिहायला आडनाव विचारलं.
ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली,
मग म्हणाली, नुसतं सुगंधा लिहा.

हंडा अजून माळ्यावर आहे.
सगळं संपल्यावर मौळीण सात कोस चालत आली होती
तो परत करायला. तुमचं भांडं, म्हणाली.
खालचं बूड उचकटलेलं. तिघांनीही ते बसवलं नाही,
आज्यानं, बापानं, मी.

आज खाली काढला. पालथा घातला.
ताम्रपट त्यावर ठेवून पाहिला.
हंडा गोल, हा चौकोनी,
चारी कोपरे बाहेर येतात.
कात्री हातात आहे.
सिंह कुठल्या बाजूला ठेवायचे, आत की बाहेर,
तेवढं अजून ठरत नाही.