परतीची मुदत तीस दिवस

सॅक आली तेव्हा तिच्या पोटात नुसते चुरगळलेले कागद,
आणि एक चिठ्ठी : न आवडल्यास तीस दिवसांत परत करा,
लेबल न काढता.
लेबल मी कमरपट्ट्याच्या आत खोचलं,
सेफ्टी पिन लावून.

ऑरिन व्हरांड्यात बसून बघतो.
त्याच्या नव्या गुडघ्याची अजून पायाशी ओळख व्हायचीय.
यंदा तो येणार नाही.
हे तो सांगत नाही, मी विचारत नाही.
एकवीस सप्टेंबर आम्ही एल्क वाटून खाली आणला :
मागच्या तंगड्या त्याच्याकडे, पुढच्या माझ्याकडे,
शिंगं कोणी घ्यायची यावर दर वर्षी भांडण.
आता या एका सॅकला दोन पाठींचं काम जमतं का,
एवढंच बघायचंय.

मी वाळूची पोती काढली तर म्हणाला,
"वाळू नको. पाणी भर.
वर गेलीस की ओतून दे, मोकळी उतर.
चढ छातीला लागतो, उतार गुडघे खातो.
मला हे कोणी सांगितलं नव्हतं."

पहिल्या दिवशी दोन कॅन. बेचाळीस पौंड.
सॅक नव्या पाहुण्यासारखी वागली,
जिथे बसवली तिथे बसली.

पाचव्या दिवशी तीन.
खांद्याचे पट्टे हाडाशी बोलू लागले.
वरचे बंद ओढले, वजन कमरेवर उतरलं,
आणि कमर म्हणाली, बरं.

नवव्या दिवशी चार. चौऱ्याऐंशी.
शेडमधल्या काट्याला टांगून मोजले,
त्याच आकड्याला, ज्याला तंगड्या टांगतो.
फ्रेम कुरकुरायला लागली,
दर डाव्या पावलाला एकदा,
सेजच्या झुडपांतून पार कड्यापर्यंत.
असा आवाज घेऊन कोणी शिकारीला जातं का?
ऑरिनने सांध्याला मेणबत्ती घासली.
तेवढं त्याला खाली न वाकता करता आलं.

कड्यावर एक महोगनीचं खुरटं झाड आहे.
त्याच्या बुडाशी मी रोज पाणी ओतते.
जुलैत इथे सगळं सिंहाच्या रंगाचं.
सतराव्या दिवशी तिथे गवत दिसलं,
ताटलीएवढं, हिरवंगार, विचित्र.
तेविसाव्या दिवशी चिखलात खूर.
एक मोठा, मादीचा. शेजारी लहान, अर्ध्या बशीएवढा.
नदीवरून माझ्या पाठीवर चढलेलं पाणी
पिऊन गेल्या होत्या दोघी.
म्हणजे दोघी की दोघं, खुरावरून कळत नाही.
मी सॅक उतरवून उगाचच हळू बोलले,
खरं तर बोलायला कोणीच नव्हतं.

वहीत लिहिलं :
शिवण पक्की. चेन वाळूत अडकते.
घाम पाठीला साठतो. बाजूचा खिसा हाताला लागत नाही.
खुरांबद्दल लिहिलं नाही.

एकोणतिसाव्या दिवशी वर पोचले
आणि झाकण उघडता उघडता थांबले.
मांस ओतून देता येत नाही.
ते वर न्यायचं नसतं, खालीच आणायचं असतं.
ऑरिनचा सल्ला माझ्या गुडघ्यांसाठी होता,
सॅकसाठी नव्हता.
एका कॅनमधून ओंजळभर झाडाला दिलं,
बाकी सगळं पाठीवर घेऊन फिरले.

दोन तास. मुरमावर काठी टेकत, आडवी पावलं टाकत.
कमरपट्टा बोटभर घसरला, पुन्हा आवळला, पुन्हा घसरला.
गुडघ्यांनी जे म्हटलं ते इथे लिहित नाही.
एकदा बसले. उठताना दगड धरावा लागला,
आणि दर वर्षी तिथे दगडाऐवजी
कोणाचा हात असायचा ते आठवलं.

अंगणात पोचले तर तो पायऱ्यांपाशी उभा.
उभा म्हणजे कठड्याला धरून.
मी बकल शोधत होते, बोटं बधिर.
त्याने मोकळा हात सॅकच्या बुडाखाली घातला
आणि उचललं,
फार नाही, निम्मंही नाही.
"जड आहे," म्हणाला.

उद्या तिसावा दिवस.
पोस्ट ऑफिस चारला बंद होतं.
कात्री स्वयंपाकघरात आहे, खोकं शेडमध्ये.