एकजीव

हडर्सफील्डला, कालव्यामागच्या उतारावर
नगरपालिकेचे एकेचाळीस वाफे आहेत.
वर्षाचं भाडं सत्तर पौंड, पाण्याचे वेगळे.
मी तिथे गेले ती लोकांचा एकोपा मोजायला.
तीन वर्षांचं अनुदान, सोळा पानी प्रश्नावली.
प्रश्न सातवा: इथली माणसं तुम्हाला आपली वाटतात का?
एक ते पाच.

सकीनाबी म्हणाल्या, पाच लिही.
मग खुरपं चिंधीला पुसत म्हणाल्या, नको, दोनच लिही,
गेल्या वर्षी माझे तीन दुधी चोरीला गेले.
मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आल्या:
तीन कर. चोर बाहेरचाही असेल.

परिभाषाकोशात याला 'संसक्ती' म्हटलंय.
फोनवर आईला सांगितलं तर तिला 'आसक्ती' ऐकू आलं.
नाही गं, माणसं एकजीव होणं.
म्हणजे पिठल्यासारखं, ती म्हणाली, गुठळ्या न होता?
हो, साधारण.
आणि गुठळ्या झाल्या तर?
तुझे साहेब टाकून देतात का पिठलं?

सतरा नंबरवर हेझकाया बेथेल.
एकोणिसाव्या वर्षी बोटीतून आले, तेहतीस वर्षं रंगाच्या गिरणीत.
प्लास्टिकच्या बोगद्यात, कुणीतरी टाकून दिलेल्या न्हाणीच्या टबात
त्यांनी अळू लावलाय.
ते त्याला डशीन म्हणतात.
मी जवळजवळ म्हणाले होते, 'हा तर आमचा अळू';
संशोधकाने असं म्हणायचं नसतं.
पानावर पाण्याचा थेंब इथेही तसाच
पारा होऊन इकडून तिकडे पळत होता.

अठरावर नॉर्मन हेग. मनगटाएवढे लीक,
प्रदर्शनासाठी फूटपट्टीने मोजलेले.
चार वर्षांपूर्वी टब भरून वाहिला,
लीकची एक रांग कुजली.
तेव्हापासून मध्ये निळी सुतळी,
आणि एक शब्द नाही.
दोघांनीही प्रश्न सातला 'एक'वर खूण केली,
हेगने तर कागद फाटेपर्यंत.

जूनमध्ये बेथेलचा गुडघा बदलला.
माझ्या वहीत नोंद आहे:
रोज संध्याकाळी साडेसातला
हेग सुतळी ओलांडतो, शिव्या देत,
बोगद्याचा पडदा वर करतो
आणि झारीने टब भरतो. दोन खेपा. कधी तीन.
मी विचारलं, मग आता मैत्री म्हणायची?
तो म्हणाला, मैत्री कसली?
त्या झाडाने माझं काय वाकडं केलंय?

दवाखान्यात बेथेलना हे सांगितलं.
उशी सारखी करत म्हणाले,
पाणी जास्तच घालत असणार. घाईचा माणूस.

त्या संध्याकाळची चौदा मिनिटं ध्वनिमुद्रित आहेत.
नियमाप्रमाणे मी एकच शब्द टंकला: शांतता.
मग रात्री कानात बोंड्या घालून पुन्हा ऐकलं.
झारीची चाळण. खोकला. मँचेस्टरची गाडी.
लांब कुठेतरी सकीनाबी मेथीला काहीतरी सांगतायत, पोठोहारीत.
'शांतता' खोडलं.
त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही
आणि अहवाल शुक्रवारी द्यायचाय.

तुझा वाफा कुठला गं? सकीनाबींनी एकदा विचारलं होतं.
मी चौथ्या मजल्यावर राहते.
बेथेलनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक कांदा दिला, अळवाचा,
तो मी दह्याच्या बादलीत लावला, खिडकीत.
आई दर रविवारी विचारते, जीव धरला का?
कुणी, ते मी विचारत नाही.
एक सुरळी वर आलीय, म्हणते, अजून उलगडली नाही.

काल दाराखालून चिठ्ठी आली:
तुमच्या खिडकीतून माझ्या पडद्यांवर पाणी गळतंय,
तिसरा मजला, ग्लेनिस आर्मिटेज.

चार वर्षं झाली मला इथे.
नाव आज कळलं.