जोड

दर दुसऱ्या शनिवारी परतवाड्याला येतो मी,
डिकीत दुर्बिणीची पेटी, गोधडीच्या दोन घड्यांत.

आज एकच टोंगळा.
सुकेशनी तायडे, वय एकोणतीस, वीज कंपनी.
खांबावरून उतरताना शेवटचे चार फूट उडी मारली.
पाऊल चिखलात रुतलं,
अंग तेवढं वळलं.
तेव्हापासून गुडघा मध्येच अडकतो,
बिजागरीत खडा गेल्यासारखा.

तपासतानाच तिनं बजावलं होतं:
"फाटलं थे कापून टाका, साहेब. शिवत बसू नोका.
महिन्याभरात मले खांबावर चढा लागते."
फॉर्मवर मी दोन्ही लिहिलं.
तिनं दोन्हींखाली सही केली,
एकीखाली जरा नाराजीनं.

कमरेत सुई. पाय परके झाले.
रफिकभाईंनी मांडीला पट्टा आवळला.
वाटीच्या दोहो बाजूंना दोन चिरा, तुरीच्या दाण्याएवढ्या.
सलाईन आत भरलं
आणि पडद्यावर उजळला तो मुलूख
ज्यानं ऊन कधी पाहिलं नाही:
सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत गोलाई,
पाण्यात हलणारे पेळूचे धागे,
आणि मधोमध फाटकी गादी,
बादलीची कडी उलटावी तशी उलटून पडलेली.

"थे माह्यं हाये?"
मान वळवून ती पडदा बघत होती.
"हो."
"चांगलं दिसते की."

हुकानं कडी ढकलली. जागेवर बसली.
हूक काढला, पुन्हा निसटली.
काठ पाहिला. लालसर.
बाहेरच्या कडेला फाटलं होतं, जिथवर रक्त पोचतं.

तेवढ्यात लाईट गेली.
इन्व्हर्टर दोनदा किंचाळला, मग तोही गप्प.
डाव्या हातात दुर्बीण, उजव्यात हूक,
दोन्हींची टोकं तिच्या सांध्यात,
आणि समोर काळी काच.
हलायचं नाही, एवढंच येत होतं मला त्या क्षणी.
सिस्टर बेठेकर पाय धरून उभ्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

अंधारातून पेशंट बोलली:
"पथ्रोट फीडर हाये. येईन दोन मिनिटांत.
ड्युटीवर गजू हाये, थो आधी च्या पिते, मंग फ्यूज पाह्यते."
रफिकभाई हसले.
मी हसलो नाही, हात हलला असता.

मग विचारलं, विचारायचं असं ठरवलं नव्हतं:
"तार तुटली तर काय करता तुम्ही?"
"टोकं पाह्यतो. जळली असतीन तं कापतो.
ताजी असतीन तं जोड देतो.
दरखेपी कापत गेलं का तार आखूड होते,
मंग खांबच वाकते."
"तुमची टोकं ताजी आहेत.
पण सहा आठवडे कुबड्या. चार महिने खांब नाही."

बादलीत सलाईन टपकत राहिलं.

"टिकते का तुमचा जोड?"
"दहातले आठ."
"आमचेबी तेवढेच," ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं, "द्या."

लाईट आली. पडदा पांढरा, मग निळसर, मग पुन्हा तिचा गुडघा.
काठ खरवडला, रक्ताचे दोन कण तरंगले.
तीन टाके घातले.
तिसरा मनासारखा बसला नाही. काढून पुन्हा घातला.

पेटी बांधून निघताना वॉर्डात डोकावलो.
पाय उशीवर, फोन कानाला:
"दोन नाही गजू, सात मिनिटं लागले तुले. सात.
इकडं माहा टोंगया उघडा होता."