रकाना

गंगाखेडचं उपजिल्हा रुग्णालय, मे महिना,
खाट अकरा, पंखा नावाला.
द्रुपदाबाई, वय अंदाजे सत्तर,
खुब्यात परवा बसवलेला नवा गोळा.

मी म्हणाले, आज उभं करू या.
डॉक्टर सोळुंके म्हणाले, उद्या.
टाके माझे आहेत.
शिरसाट सिस्टर सलाइनचे थेंब मोजत, मान वर न करता:
उभं करा नाहीतर नाचवा,
तीस खाटांना मी एकटी.
पडली तर रिपोर्ट कुणाच्या नावानं लिहू?

माझ्या बिल्ल्यावर आधी 'डॉ.' होतं.
मार्चमध्ये एक पत्र फिरलं,
तेव्हापासून त्या अक्षरावर आणि त्याच्या टिंबावर
मीच लावलेली चिकटपट्टी,
जखमेला लावतो तसली.
घामानं तिचं टोक सुटतं,
मी अंगठ्यानं दाबते.
मांडीतला एकेक स्नायू नावानिशी ओळखते मी
आणि वॉर्डात माझं नाव
मालिशवाली.

भांडण इंग्रजीत शिरलं,
मग आवाज खाली आले.
आमच्याकडे खरं भांडण तिथून सुरू होतं.
तिघं एका पायाबद्दल बोलत होतो,
पायाची मालकीण छताकडे बघत होती.

"मोरीकडं जायचंय मला," ती म्हणाली.
दोनदा म्हणाली.

लिंबाजीमामानं फरशीचा पोचा भिंतीला टेकवला,
हात पुसले, तिच्या काखेत घातले.
"चल माय. ह्या पायावर भार नगं. गुडघे फाकव, आडवे नगं करू."
हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.
अकरा महिने माझ्या मागे पोचा मारत होता, एवढंच.

ती उभी राहिली.
मग मी डावा दंड धरला,
सिस्टरनं बाटली उंच केली,
आणि सोळुंकेंनी, कुणी न सांगता,
वाटेतल्या चपला पायानं बाजूला सारल्या.
मोरीपर्यंत सात पावलं, मी मोजली.
सिस्टर म्हणते नऊ.

दुपारी केसपेपरवर
त्यांची एक ओळ: रुग्णास चालविले.
सिस्टरची वेळेसकट.
माझ्या चार ओळी, अंशांसकट.
लिंबाजीमामाला रकाना नाही.
तो तोवर बाळंतिणींच्या वॉर्डात पोचला होता.

संध्याकाळी द्रुपदाबाईनं विचारलं,
"तू कोन म्हनलीस?"
मी सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर.
"फिजो... ऱ्हाऊ दे.
उद्या येशील नव्हं?
येताना त्या मामाला घेऊन ये."