दिव्याचं बटण

मांजरीला, नदीच्या वळणावर, साडेचार एकर.
सातबाऱ्यावर पड. प्रत्यक्षात घाणेरी आणि दोन बाभळी,
एकीला कुणीतरी नवसाच्या चिंध्या बांधलेल्या.
मोजणीवाला म्हणाला, हे नकाशात कसं दाखवू?
म्हटलं, झाड म्हणून दाखव.

आज तिसरी बैठक.
फाइलीवर शब्द आहे विधिसंघर्षग्रस्त.
पहिल्यांदा वाचला तेव्हा मधेच दम घ्यावा लागला.
पोरं एकमेकांना विचारतात, तू कितीचा?
उत्तरात कलम येतं, वय नाही.

खरवंडीकर साहेब भिंतीपाशी अडलेत.
बारा फूट की चौदा?
वर तार, की नुसता गोल कठडा
ज्यावर हात ठरत नाही?
डॉक्टर तेंडोलकर म्हणतात, उपचार.
तो शब्द त्या टेबलावर असा ठेवतात
जशी काचेची बरणी ठेवावी, काठापासून आत.
पंख्याला हूक नको. नळाला मान नको.
खिडकीची दांडी अशी हवी
की तिला काही बांधता येऊ नये.
मी लिहून घेते.
एवढं सगळं काढल्यावर खोलीत काय उरतं
ते मात्र वहीत नाही लिहिलं.

रंगावर पाऊण तास गेला.
फिकट हिरवा, की टेंडरात बसेल तो?
मग चहा आला, क्रीमरोल आले.

सुयोग दाराजवळच्या खुर्चीत.
त्याला बोलावलं होतं 'अनुभवी' म्हणून,
पत्रात तसंच छापलेलं,
ड्रायव्हर पाहिजे, अनुभवी, तसं.
हल्ली फातिमानगरला टायरच्या दुकानात असतो.
नखांत काळं, म्हणून क्रीमरोल
कागदासकट धरलेला, न खाता.

तुमचं काय म्हणणं, कुणीतरी विचारलं,
घड्याळाकडे बघत.

मॅडम, बटण कुठंय?
कसलं?
लाइटचं.

मी पेन्सिल टेकवून दाखवलं:
बाहेर, पॅसेजमधे, काळजीवाहकाच्या टेबलाशी,
सगळ्या खोल्यांची एक ओळ.
हां, म्हणाला. तसंच होतं.

अकरा महिने लाइट चालू. रात्रीची पण.
डोकी मोजायला सोपं पडतं म्हणे.
गुरुवारी सकाळी जायची, दुरुस्तीला,
तुमच्याकडं पण जात असेल.
कधी कधी अंधार पडला तरी यायची नाही.
तेव्हा झोपायचो आम्ही.
एक बारका होता, तो आधी जरा रडायचा,
मग तोही झोपायचा.
असे पाच गुरुवार आले.

एवढं बोलून त्याने
क्रीमरोलचा एक घास घेतला.

साहेबांनी चष्मा पुसला.
आतून बटण म्हणजे शॉकची जबाबदारी, ते म्हणाले,
आणि ते काही खोटं नव्हतं.
शिवाय तोडतील पोरं.

तोडतील की, सुयोग म्हणाला.
मी पण तोडलं असतं एकदा.
दुसरं बसवायचं.

रात्री कर्वेनगरात, जेवणाची भांडी तशीच ठेवून,
मी नकाशा उघडला.
बटणाची खूण म्हणजे छोटं वर्तुळ, त्याला एक शेपूट.
ते पुसून भिंतीच्या अलीकडे घेतलं.
एक खोली करून बाकी सत्तेचाळीस
संगणकाने आपोआप केल्या असत्या.
मी एकेक केली.
एकतिसाव्याला डोळे चुरचुरले,
सवयीने हात मागे गेला
आणि दिवा बंद झाला.
स्क्रीनच्या उजेडात बसून राहिले थोडा वेळ.

सकाळी साहेबांचा फोन:
बारा व्होल्टचं जमतं का बघा. खर्च काढा.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
आणि ती चिंध्यांची बाभूळ बरोब्बर
भिंतीच्या रेषेवर येतेय.
तिचं काय करायचं?

अजून कळवलेलं नाही.